वसुधाच्या मुलाला ताप आला कुठून?

पत्र:

नमस्कार. मी गेली चारेक वर्षं कथा लिहिते. सध्या जी कथा लिहिते आहे, तिची नायिका वसुधा सागरी जीवांची अभ्यासक आहे. मूल होण्याआधी ती संशोधनाच्या बोटीवर काम करायची. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर तिला चार महिन्यांच्या मोहिमेचं बोलावणं येतं. घरी नवरा आहे, मुलाची आजी आहे, त्याचं सगळं नीट होणार आहे. तरी जाऊ की नको करत ती शेवटी जाते. तिसऱ्या आठवड्यात मुलाला न्यूमोनिया झाल्याचा निरोप येतो. पहिल्या बंदराला उतरून ती परत येते, मुलाला कुशीत घेते आणि कथा संपते.

आमच्या लेखनगटात मी ही कथा वाचून दाखवली. एकीनं विचारलं, "असं होतं तर मूल कशाला होऊ दिलं?" दुसरे एकजण म्हणाले, नायिका थंड वाटते. शेवट मात्र सगळ्यांना आवडला. मलाच तो खोटा वाटतो. तिला परत आणलं तर कथा खोटी होते, न आणलं तर वसुधा दुष्ट ठरते. काय करू?

आणखी एक. मला आठ वर्षांची मुलगी आहे. उद्या ती हे वाचेल आणि तिला वाटेल, आईला मी नकोशी होते. या भीतीनं हात अडखळतो. कथा सोबत जोडली आहे.

उत्तर:

नमस्कार.

तुमची कथा मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते: तो ताप आला कुठून?

पहिल्या अठरा पानांत मुलाला साधं पडसंही झालेलं नाही. पाचव्या पानावर त्याचा बाबा कामासाठी दहा दिवस बाहेर असतो, तेव्हाही तो ठणठणीत आहे. आई बोटीवर चढली आणि तिसऱ्या आठवड्यात थेट न्यूमोनिया. मुलं आजारी पडतात, त्यात काही खोटं नाही. पण कथेतली मुलं आई बाहेर पडली की मगच का आजारी पडतात, हे एकदा स्वतःला विचारा. मला वाटतं, तुम्हाला उत्तर माहीत आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. तो ताप कथेतला प्रसंग नाही. तो वाचकांपुढे ठेवलेला माफीनामा आहे. "बघा, मी तिला सोडलं नाही, शिक्षा केली, आता तरी तिच्यावर रागावू नका," असं तुम्ही त्यातून म्हणता आहात. गटाला शेवट आवडला तो त्यामुळेच. त्यांना हवी ती पावती मिळाली.

हे मी वरून बोलत नाहीये. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत मी असंच केलं होतं. बाई रात्री उशिरापर्यंत रियाज करते, आणि तिचं लहान मूल जिन्यावरून पडतं. ती कथा वाचून एका संपादकांनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: "जिन्याला कठडा नव्हता का?" मला आधी राग आला. मग कळलं, कठडा मीच काढला होता. त्या बाईला धडा शिकवायला मला एक पडणारं मूल हवं होतं. हे समजल्यावर मला त्या मुलाबद्दल जे वाटलं ते अजून विसरता आलेलं नाही. आईला शिक्षा करायला आपण मूल वापरतो, आणि वर म्हणतो की कथा मुलाच्या बाजूची आहे.

तेव्हा पहिलं काम: ताप काढा. पण नुसता ताप काढून भागणार नाही. तो काढला की कथेला एक भगदाड पडेल आणि आत काय नव्हतं ते दिसेल. मला दिसलं ते सांगते.

वसुधाला नेमकं काय हवंय हे मला अठरा पानं वाचूनही कळलं नाही. तुम्ही लिहिलंय, "तिला स्वतःसाठी काहीतरी करायचं होतं." "तिला स्वतःला शोधायचं होतं." ही वाक्यं तिची नाहीत, ती कुणाचीही असू शकतात. माणसाला "काहीतरी" कधीच हवं नसतं. या कामात मुरलेल्या बाईला तर नाहीच नाही. तुम्ही तिला प्लवकांची, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, अभ्यासक केलीत, ही तुमच्या कथेतली सगळ्यात सुंदर निवड आहे, आणि तुम्ही ती दुसऱ्या पानावरच सोडून दिलीत!

जरा आठवून बघा. समुद्रातले बारीक प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात राहतात. सूर्य मावळला की शेकडो मीटर वर येतात, रात्रभर पृष्ठभागाजवळ चरतात आणि उजाडायच्या आत पुन्हा खाली जातात. प्राण्यांचं रोजच्या रोज होणारं एवढं मोठं स्थलांतर पृथ्वीवर दुसरं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रावर, समुद्राच्या मध्येच तळासारखा एक थर दिसायचा, आणि रात्री तो वर सरकायचा. तो तळ नव्हता, ते जीव होते. आता ज्या बाईला हे माहीत आहे, जिनं एकेकाळी पहाटे तीनला जाळं वर ओढून बादलीतलं पाणी टॉर्चखाली धरलंय आणि त्यात हलणारं ते कणाकणाचं जग पाहिलंय, तिला "स्वतःसाठी काहीतरी" हवं असेल का? तिला ती बादली हवी आहे. तो वास, ते गार पाणी, सूक्ष्मदर्शकाखालचा पहिला थेंब.

आणि बघा, पहाटेचे तीन. गेली सहा वर्षं याच वेळेला ती उठलेली आहे. पाणी दे, भीती वाटते, शू आली. तिचं शरीर या वेळेला जागं व्हायला दोनदा शिकलंय, एकदा समुद्रासाठी आणि एकदा मुलासाठी. तुमची सगळी कथा या एका तासात आहे. इच्छा आणि आईपण यांची रस्सीखेच दाखवायला तुम्हाला भांडणं, अश्रू, नवऱ्याचे टोमणे यांची गरजच नव्हती. एकाच वेळेला एकाच देहात दोन जाग आहेत, एवढं दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

आपल्या भाषेतही याबाबतीत एक गोम आहे. बाईच्या इच्छेला आपण "हौस" म्हणतो. हौस गोड असते, छोटी असते, घर आवरून झाल्यावर पुरवायची असते. पुरुषाच्या त्याच इच्छेला आपण "ध्यास" म्हणतो, आणि ध्यासासाठी घर विसरलेला माणूस आपल्याला थोर वाटतो. बाईची इच्छा हौसेच्या मापाबाहेर गेली की भाषा एकदम "नाद", "खूळ" यांवर येते, आणि देहाची असली तर थेट "वासना". तुमच्या कथेत नवरा म्हणतो, "जा, तुझी हौस पुरी कर." तो चांगला माणूस आहे, मनापासून म्हणतोय. ते वाक्य अजिबात काढू नका. पण वसुधाच्या कानाला तो शब्द कसा लागतो तेही लिहा. तुम्ही तिला तिथं "कृतज्ञतेनं भरून" आणलंत. मला ते पटलं नाही.

इथं मला एका जुन्या कथेबद्दल थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. केट शोपँ ही अमेरिकन लेखिका. तिला सहा मुलं होती, 1882 साली नवरा वारला आणि त्यानंतर काही वर्षांनी ती लिहू लागली. 1897 साली तिची रेशमी मोज्यांची एक छोटी कथा छापून आली. मिसेस सॉमर्स नावाच्या, ओढगस्तीत संसार करणाऱ्या आईला अचानक पंधरा डॉलर मिळतात. त्यात मुलांचे बूट, सदरे, टोप्या कशा बसवायच्या याचा ती रात्ररात्र हिशेब करते. बाजारात जाते. दमलेली असते, जेवायचंही राहून गेलेलं असतं. दुकानात काउंटरपाशी बसलेली असताना तिचा हात सहज रेशमी मोज्यांवर पडतो. ती ते घेते. मग बूट, मग हातमोजे, मग मासिकं, मग एकटीनं निवांत जेवण, मग नाटक.  शेवटी ती घरी जायला ट्राममध्ये बसलेली असते, आणि ही ट्राम कुठंच थांबू नये, आपल्याला घेऊन अशीच चालत राहावी, असं तिला आतून वाटत असतं. बस्स.

घरी गेल्यावर मुलांनी काय म्हटलं ते कथेत नाही. कुणी आजारी पडत नाही. तिचं चुकलं असं लेखिका म्हणत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, बरोबर केलं असंही म्हणत नाही. मुलांचे बूट राहिले ते राहिलेच, वाचक ते विसरू शकत नाही. पण बोटांना झालेला रेशमाचा स्पर्शही तो विसरू शकत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. शेवटाची योजनाही पाहण्यासारखी आहे: समोर बसलेला एक माणूस तिचा चेहरा निरखतो आणि त्याला त्यातलं काही वाचता येत नाही. जगाच्या नजरेला त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि आपण मात्र आत आहोत. "मूल कशाला होऊ दिलं?" विचारणाऱ्या तुमच्या गटातल्या बाई त्या समोरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांना समजावून सांगणं हे तुमचं काम नाही. वाचकाला त्या बाकावरून उठवून वसुधाच्या शेजारी आणून बसवणं, हे आहे.

आता मुलाबद्दल. तुमच्या कथेत त्याचं नावही सहाव्या पानावर येतं, आणि तोवर तो फक्त बिलगतो, रडतो, झोपतो. तो मूल नाहीये, तो वसुधाच्या पायातली बेडी आहे. अशा मुलाला सोडून जाणं फार सोपं आणि अशा मुलासाठी परत येणंही फार सोपं. आईपण आणि इच्छा यांच्यातला खरा पेच मूल माणूस झालं की सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलाला काय काय असतं! त्याची स्वतःची गुपितं असतात, त्याच्या खोट्या थापा असतात, एखाद्या दगडावर जीव असतो. वसुधाला त्याच्याबद्दल नुसती माया नको, कुतूहल हवं. बादलीकडे बघते तसं ती त्याच्याकडेही बघत असणार. तिची नजर तीच आहे ना?

आणि मग तापापेक्षा अवघड असं काहीतरी घडू द्या. ती बोटीवरून फोन लावते, आणि तो बोलायला येत नाही, कारण तो खेळतोय. त्याचं तिच्यावाचून अडलेलं नाही. किंवा तो येतो आणि आजीकडून शिकलेला एखादा नवा शब्द इतक्या सहज बोलतो, की हा शब्द त्याला आला तेव्हा मी नव्हते, हे तिला तिथं कळतं. ताप तिला परत बोलावतो. म्हणजे तिची गरज आहे असं सांगून तिची समजूतच घालतो. खेळणारं मूल ती समजूतही घालत नाही. तिला हवं ते तिला मिळालंय, मूल सुखात आहे, कुणाचीही तक्रार नाही, आणि तरी काहीतरी तिच्या हातून निसटलंय. हे लिहिणं कठीण आहे. तुम्ही लिहू शकाल, कारण आजीनं त्याला बूट घालायला शिकवतानाचा तुमचा परिच्छेद अप्रतिम आहे.

एका मोहाबद्दल आधीच सावध करते. ताप काढल्यावर तुम्हाला वाटेल, वसुधाला जाण्यासाठी एखादं सबळ कारण द्यावं. डोक्यावर कर्ज, नवऱ्याची नोकरी गेली, असं काही. गट लगेच तिला माफ करेल. टिली ओल्सेनची एक कथा आहे, 1956 साली पहिल्यांदा छापली गेलेली. इस्त्री करता करता एक आई आपल्या थोरल्या मुलीचा विचार करते. पोटासाठी काम करावं लागलं म्हणून त्या मुलीला लहानपणी पुन्हा पुन्हा दुसऱ्यांकडे ठेवावं लागलं होतं. मोठी कथा आहे ती, आणि ओल्सेन स्वतः चार मुलींची आई होती. पण तो प्रश्न वेगळा आहे. तिथं आईपुढे पर्याय नव्हता. तुमच्या वसुधापुढे आहे, आणि तीच तुमच्या कथेची धार आहे. पगारासाठी घर सोडणारी आई आपल्याला चालते. समुद्र बघायचाय म्हणून जाणारी चालत नाही. हा फरक जिथं दुखतो तिथंच बोट ठेवा, कर्जाची पट्टी बांधून तो झाकू नका.

याच्या उलटा मोहही असतो, नायिकेला मारून टाकण्याचा. डोरिस लेसिंगची 1963 सालची एक प्रसिद्ध कथा आहे. चार मुलांची आई फक्त एकटं बसता यावं म्हणून हॉटेलातली एक खोली भाड्यानं घेते आणि अखेर तिथंच जीव देते. नवऱ्याला खोलीचा पत्ता लागतो तेव्हा ती आपला प्रियकर असल्याचं खोटंच सांगते, कारण एकांत हवा होता हे सांगण्यापेक्षा प्रियकर आहे हे सांगणं सोपं. ही जागा भल्याभल्यांना सुचणार नाही. तिथला मृत्यू पानापानानं जवळ येतो. पण तेव्हापासून कितीतरी जणांनी, कथेत मृत्यू असा जवळ येत नसतानाही, तसलीच नायिका मारली. तुमच्या वसुधात मरणाचं काही नाही. तिला जिवंत ठेवा.

"थंड वाटते" या शेऱ्याबद्दल थोडक्यात. "अपराधी" हा शब्द तुमच्या कथेत अकरा वेळा आलाय, मी मोजला. तरीही नायिका थंड वाटते, आणि मला वाटतं त्या शब्दामुळेच वाटते. वाचकाला सांगून टाकलं की त्याला काही वाटून घ्यायचं उरत नाही. अकराच्या अकरा काढा. त्याऐवजी तिचे हात दाखवा. ती बॅग भरताना मुलाचा एक मोजा चुकून तिच्या कपड्यांत जातो, असं तुम्ही लिहिलंय. छान आहे. पण लगेच पुढं "तिला अपराधी वाटलं" लिहून तुम्ही त्या मोज्याचा जीव घेतलात. बोटीवर तो मोजा सापडल्यावर ती तो परत पाठवते, वापरते की जाळ्याच्या दोरीला खूण म्हणून बांधते? मला ते वाचायचंय.

आणखी एक बारीक गोष्ट, पण तिनं सगळी कथा हलेल. निवेदनात तुम्ही तिला कधी "वसुधा" म्हणता, कधी "आई". बोटीवरच्या पानांतही दोनदा "आई" आलंय. "आई" हा मुलानं दिलेला शब्द आहे, बाई स्वतःला मनात त्या नावानं हाक मारत नाही. आपल्याकडच्या साहित्यात आई बहुतेक वेळा मुलाच्या आठवणीतून येते. साने गुरुजींची "श्यामची आई" श्यामच सांगतो, आणि तिथं ते तसंच हवं. पण तुमची कथा वसुधाच्या डोळ्यांतून आहे. मूल समोर असताना "आई" येऊ द्या, ते नसताना "वसुधा". हा एवढा बदल करून बघा, कुठल्या पानावर कुठला शब्द आपोआप येतोय ते तपासा. मला वाटतं, शेवट कुठं आहे ते तुम्हाला त्यातच सापडेल. तिचं बरोबर की चूक याचा निकाल शेवटात लागायला नको. चार महिने संपायचीही गरज नाही. पहाटे तीनला जाळं वर येतंय, तिथं थांबलं तरी चालेल.

राहिली तुमची मुलगी.

"ही कथा आहे, आत्मचरित्र नाही" असं म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. वाचणारे लेखिकेला कथेत शोधतातच. लेसिंगनं पहिल्या लग्नातली दोन मुलं मागं ठेवली होती, आणि ती गोष्ट तिच्या लेखनासोबत आयुष्यभर चालत राहिली. तुमची मुलगीही शोधेल. पण नीट बघा, तुम्हाला भीती कुठल्या खर्ड्याची वाटायला हवी? आत्ता जो आहे त्यात आईला काही हवंसं वाटलं की मुलाच्या जिवावर बेततं. विशीत आलेली तुमची मुलगी हे वाचेल तेव्हा तिलाही काहीतरी हवं असेल. तिच्या हाती मी हा खर्डा देणार नाही. ज्यात एक बाई मुलाकडे आणि समुद्राकडे सारख्याच भुकेनं बघते, तो मी बिनधास्त देईन.

एक काळजी मात्र घ्या. बाराव्या पानावरचा, अंधाराला "काळं पाणी" म्हणणारा मुलाचा संवाद मला फार खरा वाटला, इतका की तो तुमच्या घरातलाच असावा. तसं असेल तर मुलीला विचारा. आठ वर्षांचं मूल "माझं वाक्य नको" म्हणू शकतं. ती नको म्हणाली तर दुसरं शोधा. तुमची इच्छा तुमची आहे, ती हवी तेवढी खर्च करा. तिचे शब्द तिचे आहेत.

आणि तापाचं पान काढाल तेव्हा फाडू नका. त्यात एक वाक्य आहे: "ताप चढायच्या आधी त्याचे पाय गार पडतात, हे फक्त तिला माहीत होतं." सगळ्या कथेत आईपणाबद्दलचं याहून खरं वाक्य नाही, आणि त्याला ताप यायची गरजही नाही. ते बोटीवर न्या. जाळं वर आलंय, बादलीतल्या पाण्यात तिनं हात घातलाय, पाणी गार आहे.